बूड न ठरणाऱ्यांची बाजू

"ह्येचं बूड एका जाग्याला ठरत न्हाई, ह्यो काय ध्यान करनार?" कागलात हे वाक्य आई लेकाबद्दल म्हणते, बायको नवऱ्याबद्दल म्हणते आणि चहाच्या गाड्यावर मित्र मित्राबद्दल म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हेच मत शिबिरांच्या व्यासपीठावरून शुद्ध भाषेत येतं तेव्हा त्याचं फर्मान होतं: चंचल आणि शंकेखोर माणसाला ध्यान लाभत नाही, आधी मन शांत करा, श्रद्धा ठेवा, मग या. तिकडं चार पुस्तकं वाचलेली शहाणी मंडळी उलट्या वाटेनं चालत तिथंच पोचतात. त्यांच्या मते हे सगळं रिकामटेकड्यांचं फॅड आहे, त्यापेक्षा तलावाला दोन फेऱ्या मारून या. भक्त आणि बुद्धिवादी यांचं एरवी कशावर म्हणून जमत नाही. पण दहा मिनिटं गप्प बसून बघावं असं ज्याला पहिल्यांदाच वाटलं, त्याला बसायच्या आधीच उठवायचं, यावर मात्र दोघांचं एकमत दिसतं. मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी हा बूड न ठरणारा माणूस कोण, ते तरी बघू. तो पंचतारांकित एमआयडीसीत कामाला असतो; एक आठवडा पहिली पाळी, पुढचा आठवडा रात्रपाळी. घरी एकरभर ऊस असतो आणि त्याचं बिल कधी जमा होतंय याकडं डोळे असतात. सोसायटीचं कर्ज असतं. निवडणूक कुठली ना कुठली चालूच असते आणि कागलात ‘तुमचा गट कोणता?’ हा प्रश्न कुणाला चुकत नाही. राजे गट, मुश्रीफ गट, मंडलिक गट. लग्नाच्या पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसला याचीसुद्धा इथं नोंद होते. अशा गावात ज्याचं मन एका जागी ठरतं, त्याच्याबद्दलच मला जरा शंका येते. ह्या माणसाला मोक्ष नको असतो. त्याला रात्री अडीचला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. पोरावर विनाकारण हात उचलला जातो आणि नंतर जेवण जात नाही. डॉक्टर सांगतो, बीपी वाढलंय, टेन्शन कमी करा. ते कसं करायचं हे सांगायला मात्र डॉक्टरकडं वेळ नसतो, बाहेर पंधरा पेशंट बसलेले असतात. म्हणून तो कुणाच्या तरी सांगण्यावरून एका शिबिराला जातो आणि तिथं त्याला कळतं की आपण अपात्र आहोत.

कोल्हापूरच्या मातीत तरी हा मुद्दा समजावून सांगायची वेळ येऊ नये. एखादा काडीपैलवान पोरगा तालमीच्या दारात उभा राहिला, तर ‘आधी अंग कमव, मग लंगोट लाव’ असं सांगून वस्ताद त्याला परत पाठवत नाही. आखाडा उकरायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो, आणि पहिल्या महिन्यात पोरगं किती वेळा चितपट झालं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शांत मनाची अट घालून ध्यान शिकवणारा मात्र नेमकं हेच करतो. जे शिकायला माणूस आला, तेच आधी घेऊन ये म्हणतो.

यावर ‘शास्त्रातच सांगितलंय’ हा हुकमाचा पत्ता पडतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश होतो असं म्हटलं आहे, हे खरं. पण ती गीता झाली कशामुळं? ऐन रणांगणावर एका माणसाला शंका आली आणि तो धनुष्य टाकून खाली बसला म्हणून. त्या शंकेला उत्तर द्यायला सातशे श्लोक लागले. सहाव्या अध्यायात कृष्ण बसायचं कसं, आसन कसं, नजर कुठं हे सगळं समजावून सांगतो, आणि ऐकून घेतल्यावर अर्जुन सरळ म्हणतो की हे मला जमेलसं वाटत नाही. मन आवरणं म्हणजे वारा धरण्याइतकं अवघड आहे. इथं कृष्णानं त्याला झापायला हवं होतं, आमच्या शिबिरवाल्यांच्या हिशेबानं. तो झापत नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे, मन चंचलच असतं, असं कबूल करतो आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतो. अर्जुन तेवढ्यावरही थांबत नाही. सुरुवात करून मध्येच घसरला त्याचं काय, तो ना इकडचा ना तिकडचा राहिला तर, असा पुढचा प्रश्न विचारतो. त्याचं केलेलं वाया जात नाही, असं त्याला उत्तर मिळतं. पहिल्या आठवड्यात बसायचं सोडून दिलेल्या कागलच्या माणसाचा प्रश्न याहून वेगळा काय आहे?

आणि आपल्याला गीतेपर्यंतही जायची गरज नाही, कारण यात एक घरचा धागा आहे. कागलचं ग्रामदैवत गहिनीनाथ गैबी पीर. उरुसाला दोन्ही धर्मांची माणसं जातात, गैबी चौकात सभा होतात, गावाचा कुठलाही मोठा वाद त्या नावाच्या साक्षीनं होतो. नाथ परंपरेत गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ, त्यांचे निवृत्तीनाथ आणि निवृत्तीनाथांचे ज्ञानेश्वर. ही परंपरा ज्ञानेश्वरांनी स्वतःच ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगितली आहे. परंपरेतले गहिनीनाथ आणि कागलचे गैबी यांचं नातं गाव श्रद्धेनं मानतं. त्याचा पुरावा उकरायचं हे ठिकाण नव्हे. मुद्दा ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात काय केलं, हा आहे. त्यांनी गीतेत नसलेला एक प्रश्न अर्जुनाच्या तोंडी घातला. हा योग कुणालाही साधतो, की त्याला काही योग्यता लागते? उत्तर असं की योग्यता ही काही बाजारात मिळणारी वस्तू नाही आणि तिची कुठं खाणही नाही. थोडासा विरक्त झाला, देहाच्या व्यवहारात नेमाचा राहिला, की तोच अधिकारी. सातशे वर्षांपूर्वी पात्रतेची अट इतकी खाली आणून ठेवलेली असताना, आमच्या तालुक्यात ती पुन्हा कुणी वर उचलून ठेवली, हे एकदा शोधायला पाहिजे.

पतंजलीचं नाव घेणारेही भेटतात. योगसूत्रांत संशय हा अंतराय सांगितला आहे, असं ते बजावतात. आहेच. एकूण नऊ अंतराय आहेत आणि संशयाच्या शेजारी आजारपण आहे, आळस आहे, मिळवलेल्या जागी टिकता न येणं आहे. ताप आलेल्या माणसाला ‘तू कायमचा अपात्र’ असं कुणी म्हणत नाही, मग शंका आलेल्यालाच का? बौद्ध परंपरेत पाच नीवरणं सांगतात. त्यांतही मनाची अस्वस्थता आणि शंका या दोन्ही आहेत. या याद्या दाराबाहेर लावलेल्या नाहीत. चालायला लागलेल्या माणसाला वाटेत काय काय आडवं येईल, ते त्या सांगतात. म्हणजे ज्याला अस्वस्थता आणि शंका छळतायत, तो वाटेवर आलेला आहे.

आता दुसऱ्या खोटेपणाकडं वळतो. माझ्या मते तो जास्त नुकसान करतो. ‘मन निर्विचार करा’ हे आश्वासन. पत्रकावर ते फार छान दिसतं. प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं काय होतं ते सांगतो. डोळे मिटले, नाकाच्या शेंड्याशी श्वास लागतोय तिथं लक्ष ठेवलं. एक, दोन, तीन. चौथ्या श्वासाला हायवेच्या बाजूनं उसाचा ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या, वर कर्णा लावलेला. गाणं ओळखीचं निघतं. हे गाणं आत्याच्या पोरीच्या लग्नात वाजलं होतं. त्या लग्नात धाकट्यानं आहेराच्या पाकिटावरून वाद घातला होता. धाकट्याकडून अजून वाटणीचे कागद आलेले नाहीत. तलाठ्याला गाठायला पाहिजे, सोमवारी. सोमवारी तर रात्रपाळी सुरू. गुडघ्याला खाज सुटते. हात गुडघ्याकडं निघतो आणि तेवढ्यात ध्यानात येतं, अरे, आपण श्वास मोजत होतो. ट्रॅक्टर केव्हाच निघून गेलेला असतो.

हा जो ‘अरे’ आहे, त्याच्यावरून माझं आणि शिबिरवाल्यांचं भांडण आहे. ते याला अपयश म्हणतात, निदान त्यांच्या चेहऱ्यावरून बसणाऱ्याला तसं वाटतं. मी म्हणतो, त्या सबंध बैठकीत जे काही काम झालं ते तेवढ्या एका क्षणात झालं. मन वाटणीच्या कागदांपर्यंत गेलं हे आपलं आपल्याला कळलं आणि कुणावर न चिडता आपण पुन्हा एकपासून मोजायला लागलो. एरवी दिवसभरात मन असंच जातं, फक्त ते गेलंय हे कळत नाही. कळतं तेव्हा धाकट्याला फोन लावून आपण ओरडत असतो. दहा मिनिटांत मन वीस वेळा गेलं आणि वीस वेळा आणलं, तर वीस वेळा सराव झाला. ज्याचं मन जातच नाही, त्याला परत आणण्याचा सराव मिळणार कुठून? चंचल माणसाला या कामात सवलत नको आहे. त्याच्याकडं सरावाचा माल इतरांपेक्षा जास्तच आहे.

गप्प बसवत नाही हा काही आपल्या गावाचा किंवा मोबाइलच्या पिढीचा खास रोग नाही. 2010 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्डच्या दोन संशोधकांनी एक पाहणी छापली. 2250 माणसांना दिवसात मध्येच फोनवर विचारलं: आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे? जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. 2014 मध्ये त्याच नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातला एक गमतीशीर प्रयोग आला. माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं आपल्या विचारांबरोबर बसायला सांगितलं. जवळ एक बटण, दाबलं तर विजेचा झटका बसणार. हा झटका टाळायला आम्ही पदरचे पैसे देऊ, असं आधी सांगितलेल्यांपैकी 18 पुरुषांतल्या 12 जणांनी आणि 24 बायकांतल्या 6 जणींनी तरीही बटण दाबलं. नुसतं बसण्यापेक्षा झटका बरा! मोठमोठ्या विद्यापीठांत ही तऱ्हा, आणि आम्ही कागलच्या पोराला नावं ठेवतो.

जागेचंही तसंच. शांत खोली, अगरबत्ती, मंद उजेड, खास आसन, हे सगळं असल्याशिवाय एकाग्रता नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच गावच्या आनंद यादवांची ‘झोंबी’ पुन्हा वाचावी. 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्या पुस्तकातला पोरगा काही शांत खोलीत बसून शिकला नाही.

आता श्रद्धा. ‘आधी विश्वास ठेवा, मग अनुभव येईल’ हे वाक्य मला ध्यानाच्या बाबतीत साफ नामंजूर आहे, आणि ते नामंजूर करायला मला परदेशी पुस्तकाचा आधार लागत नाही. कागलहून कोल्हापूरला निघालं की वाटेत कणेरी मठाचा फाटा लागतो. आज लोक तिथं सहली घेऊन ग्रामजीवनाचं संग्रहालय बघायला जातात. त्या मठाचे विसाव्या शतकातले अधिपती काडसिद्धेश्वर महाराज हे सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य. सिद्धरामेश्वर 1888 ते 1936 या काळातले. त्यांचे गुरू इंचगिरीचे भाऊसाहेब महाराज उमदीकर. भाऊसाहेबांचा भर नामावर आणि तासन्‌तास बसण्याच्या कडक नेमावर. त्याला पिपीलिका मार्ग म्हणत, मुंगीच्या पावलानं जायचा. गुरू गेल्यानंतर सिद्धरामेश्वरांना प्रश्न पडला की हाच एक रस्ता आहे का. आणि त्यांनी विचाराच्या, विवेकाच्या अंगानं जाणारा विहंगम मार्ग सांगायला सुरुवात केली. गुरुबंधूंना ते रुचलं नाही. आज दोन्ही मार्गांचं नाव आदरानं घेतलं जातं. हेच सिद्धरामेश्वर ज्यांचे गुरू, ते निसर्गदत्त महाराज म्हणजे मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे मारुती कांबळी. संसार आणि दुकान सांभाळून बसणारा माणूस. सांगायचं ते इतकंच की शंका या परंपरेच्या अंगणातच वाढलेली आहे. तिला बाहेरची समजून हाकलणाऱ्यांनी आधी स्वतःचं घर नीट पाहिलेलं नाही.

बुद्धानं तर कालामांना, एखादी गोष्ट केवळ परंपरेनं चालत आली म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा, असंच सांगितलं. आणि त्या बुद्धाकडं गेलेल्या बाबासाहेबांनी तरी काय केलं? 1920 च्या मार्चमध्ये त्या वेळच्या कागल जहागिरीतल्या माणगावात जी परिषद झाली, तिचे अध्यक्ष आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. त्याच आंबेडकरांनी पुढं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना प्रस्तावनेतच पारंपरिक समजुतींवर प्रश्न टाकले. चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का? भिक्खू कशासाठी, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की समाजाची सेवा करण्यासाठी? ज्या माणसानं लाखोंना धम्म दिला, त्यानंच तो शंका काढून तपासून घेतला होता. तुम्ही पाचशे रुपयांच्या शिबिरात प्रश्न विचारणाऱ्याला ‘तुमची भूमी तयार नाही’ म्हणून गप्प करता, ते कुणाच्या अधिकारात?

इथपर्यंत वाचून आमचे बुद्धिवादी मित्र खूश झाले असतील. त्यांच्याशी आता बोलतो. दाभोलकर आणि पानसरे यांच्याकडून आपण पुरावा मागायला शिकलो ना? मग पुरावा आल्यावर तो वाचायलाही पाहिजे. 2014 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अंतर्गत वैद्यकाच्या नियतकालिकात ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. एकूण 3515 माणसं. चिंता, नैराश्य आणि शारीरिक वेदना यांत ध्यानानं थोडा ते मध्यम फरक पडतो, याला बऱ्यापैकी पुरावा सापडला. म्हणजे ‘थोतांड’ हा शब्द मागं घ्या. पण भक्तांनीही टाळ्या वाजवू नयेत, कारण त्याच आढाव्यात पुढं आहे की व्यायाम किंवा औषधं यांसारख्या दुसऱ्या उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा ज्याला जयसिंगराव तलावाला फेऱ्या मारून बरं वाटतं, त्यानं खुशाल फेऱ्या माराव्यात. त्याचं काही अडलेलं नाही. मात्र ज्याला बसून बघायचंय त्याला फेऱ्या मारायला पाठवू नका. मधुमेहापासून मंगळापर्यंत सगळ्यावर ध्यानाचा उतारा सांगणारे जितके अवैज्ञानिक, तितकेच न बघता मोडीत काढणारेही.

बुद्धिवाद्यांचा दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. कामगार बारा-बारा तास राबतो, आणि त्याला पगारवाढीऐवजी तणावमुक्तीचं सत्र दिलं जातं. ध्यान माणसाला अन्याय सोसायला शिकवतं. पहिलं वाक्य खरं आहे आणि त्याची चीड यायलाच हवी. पाळीचे तास, ओव्हरटाइमचा दर, कंत्राटी कामगारांची सुरक्षितता या गोष्टी श्वास मोजून सुटत नाहीत, आणि त्या सुटतील असं सुचवणाऱ्या व्यवस्थापनाला युनियननं तोंडावर सुनवावं. पण दुसरं वाक्य पहिल्यातून निघत नाही. स्वतःचा राग केव्हा चढतोय हे ज्याला कळतं, तो वाटाघाटीच्या टेबलावर जास्त टिकतो. मी पाहिलेल्या बैठकांत मुद्दे हरले नव्हते, माणसं चिडली आणि उठून गेली म्हणून बैठका हरल्या.

एक बाजू मात्र दोन्हीकडच्या माणसांना नकोशी वाटते, म्हणून ती मी मुद्दाम मांडतो. ध्यान सगळ्यांना मानवतंच असं नाही. 2020 मध्ये 83 अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ध्यान करणाऱ्यांपैकी साधारण आठ टक्के लोकांना त्रास झाल्याचं दिसलं, सगळ्यात जास्त चिंता आणि नैराश्य या स्वरूपाचा. आकडा घाबरून जाण्याजोगा नाही, पण लपवण्याजोगाही नाही. आपल्या जिल्ह्यातच हातकणंगले तालुक्यात आळत्याला ‘धम्मालय’ हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, पुढं इगतपुरीला मोठं केंद्र झालं, आणि दहा दिवसांच्या शिबिराची तीच पद्धत आळत्यालाही चालते. पहाटे चारला उठायचं, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसायचं, बोलणं, वाचणं, लिहिणं, फोन सगळं बंद. फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यानंच इच्छा असेल तर दान द्यायचं. आमच्याकडच्या पाचशे-हजारवाल्यांनी हा एक धडा तरी घ्यावा. या पद्धतीबद्दल मला आदर आहे. अर्जात मानसिक आजाराबद्दल आधीच विचारतात, तेही योग्य.

माझी तक्रार तिथं पाठवणाऱ्यांबद्दल आहे. ‘लई वळवळ करतोयस, जा दहा दिवस, सरळ होशील’ असं म्हणून ज्याला घरात कधी पाच मिनिटं बसवलं नाही, त्याला थेट दहा दिवसांच्या मौनात ढकललं जातं. काहींना ते सोसतं, बरंही वाटतं. जो चौथ्या दिवशी परत येतो त्याची चौकात चेष्टा होते, आणि आयुष्यभर तो सांगत राहतो की हे आपल्यासाठी नव्हे. त्याला सोसवलं नाही, एवढंच खरं तर सिद्ध झालेलं असतं. आणि ज्याला पूर्वी मोठा मानसिक आजार झालाय, औषधं चालू आहेत, त्यानं शेजाऱ्याच्या सल्ल्यावर डोळे मिटून तासन्‌तास बसू नये; डॉक्टरांना विचारावं. ‘ध्यानानं गोळ्या सुटतात’ असं व्यासपीठावरून सांगणारा माणूस दिसला, तर तिथून उठून यावं.

शाळांचंही बोलून टाकतो. राज्यात ‘मित्र’ उपक्रमातून शाळांत आनापान शिकवलं जातं, म्हणजे नुसतं श्वासाकडं लक्ष देणं. चांगल्या हेतूचा उपक्रम आहे. पण ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर अशीच सजगतेची शिकवण तपासली, 2022 मध्ये निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्यानं मुलांचं मानसिक आरोग्य सुधारल्याचं दिसलं नाही. सक्तीनं वर्गच्या वर्ग डोळे मिटवून बसवला की शिक्षकाला दहा मिनिटं शांतता मिळते, हा फायदा मी नाकारत नाही. पण ज्या पोराला नको आहे त्याला खिडकीतून बाहेर बघत बसू द्या. पुढं कधी गरज पडेल तेव्हा निदान त्याला ध्यानाची चीड आलेली नसेल.

मग बूड न ठरणाऱ्या, शंकेखोर माणसानं करायचं काय? फार नाही. खुर्चीवर बसावं, मांडी घालून गुडघे दुखवण्यात पुण्य नाही. पाच मिनिटं धरावी, दहा जमली तर दहा. डोळे मिटवत नसतील तर अर्धे उघडे ठेवून समोरच्या फरशीकडं बघावं. श्वास मोजावा, दहापर्यंत गेलं की पुन्हा एक. मन गेलं की आणावं. बसवतच नसेल तर गच्चीवर पावलं मोजत हळू चालावं; भिक्खूही तसं चालतात, त्याला चंक्रमण म्हणतात, कमी दर्जाचं कुणी मानत नाही. ‘याचा काही उपयोग आहे का?’ ही शंका बसल्या बसल्या आली तर तिलाही उठवू नये. ती येते, थोडा वेळ बोलते, आणि ट्रॅक्टर जातो तशी तीही जाते किंवा जात नाही. कुठल्या महाराजांचा फोटो लावायचा, हा प्रश्न घेऊ नका. गावात एक गट पुरे आहे. महिनाभर करून काहीच फरक वाटला नाही, तर सोडून द्यावं; आपण एक गोष्ट तपासून पाहिली आणि आपल्याला लागू पडली नाही, इतकंच. न तपासता मानणाऱ्यापेक्षा आणि न तपासता नाकारणाऱ्यापेक्षा तुम्ही पुढं आहात.

राहिली आयोजक मंडळी. 21 जून हा योग दिवस होताच. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 21 डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवल्यापासून आता वर्षाला दोन मुहूर्त मिळतात. डिसेंबरात ऊसतोड जोरात असते, ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, तेव्हा शांतता मिळेल असं पत्रकात छापू नका, ती मिळणार नाही. सभागृहात खुर्च्या ठेवा. मध्येच उठून जाणाऱ्याकडं माना वळवून बघू नका. ‘श्रद्धेनं सहभागी व्हा’ ही ओळ पत्रकातून काढून टाका, निर्विचार अवस्थेचं आश्वासनही काढा, आणि दोन तासांच्या कार्यक्रमात सत्कार आणि हारतुऱ्यांना जो पाऊण तास जातो, तो शंका विचारायला द्या.